आर्लीनने सही केली नाही

कंपनीचा माणूस पहिल्यांदा आमच्या गॅरेजमध्ये आला तो डोनटचे खोके घेऊनच. डग्लस हेवूड त्याचं नाव. बूट इतके चकचकीत, की ऑइलने माखलेल्या आमच्या फरशीवर पाऊल टाकायला तो बिचकत होता. मी शाळेच्या बसगाड्यांचा मेकॅनिक. माझ्याच टेबलावरची हत्यारं बाजूला सारून त्याने खोके ठेवले आणि सगळ्या ड्रायव्हरांना भोवती गोळा केलं.

सरोवराच्या काठावर, मार्लो पॉइंटला, अणुवीज केंद्र तेव्हा जवळजवळ बांधून झालं होतं. गावात कुठेही उभं राहा, झाडांच्या वरून तो करडा घुमट दिसायचाच. राहिला होता फक्त चालवायचा परवाना. पेनसिल्व्हेनियातल्या अणुकेंद्रात झालेल्या त्या अपघातानंतर सरकारने नवा नियम काढला होता : काही बिनसलं तर आसपासची माणसं बाहेर कशी काढणार ते आधी सांगा, मग परवाना मागा. शाळेतली पोरं बाहेर काढायची होती आमच्या बसगाड्यांनी. म्हणून ते डोनट.

"भोंगा वाजला की जिथे असाल तिथून गॅरेजला यायचं," हेवूड समजावत होता. "बस काढायची, शाळेवर जायचं, पोरं भरायची आणि सिरॅक्यूज शहराकडच्या मैदानावर नेऊन सोडायची. मी येईन, अशी एक सही द्या. कायद्याचं बंधन वगैरे काही नाही हो, नुसतं परवाना मंडळाला दाखवायला."

लू कास्टिग्लिया हा आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर. त्याने डोनट तोंडात तसाच धरून सही ठोकली. त्याच्या मागोमाग बाकीच्यांनीही. मग आर्लीन व्हॅनहूटची पाळी आली. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, बसच्या सीटवर उशी घेऊन बसणारी बाई. तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि पेन टेबलावर ठेवून दिलं.

"मी नाही येणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"भोंगा वाजला तर मी गॅरेजला नाही, घरी जाणार. माझे वडील अंथरुणाला खिळलेत. त्यांना बाहेर काढायला दुसरं कोणी नाही."

हेवूड हसला. "मिसेस व्हॅनहूट, तशी वेळ कधी येणारच नाही हो."

"येणार नसेल तर सही कशाला हवी?"

"अगं बाई, कर ना!" लू म्हणाला. "तो काय उद्या बस मागतोय का तुझी? डोनट खा, सही कर, घरी जा."

"तू खा माझ्या वाटचा," आर्लीन म्हणाली आणि कोट घालून निघाली.

खरं सांगतो, त्या दिवसापर्यंत आर्लीनचं अणुविजेबद्दल काही मत असल्याचं मला माहीत नव्हतं, आणि मी तिचा शेजारी. तिचा नवरा रसेल त्याच केंद्रावर वेल्डर होता. कितीतरी वर्षं सफरचंदाच्या वखारीत फुटकळ कामं केल्यावर त्याला ही पक्की नोकरी लागली होती. आमच्या शाळेला त्या वीजकेंद्राने भरलेल्या करातून नवा व्यायामहॉल आणि पोहण्याचा तलाव मिळाला होता. अर्धं गाव त्या घुमटावर जेवत होतं. मीसुद्धा केंद्राच्या विरोधात नव्हतो. कोणीच नव्हतं म्हणा ना. निवृत्त झालेल्या संगीताच्या बाई मिस फ्रेम आणि त्यांचे चारदोन मित्र काय ते पोस्टाबाहेर पत्रकं वाटायचे, आणि लोक ती घेऊन पुढच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे.

दर रविवारी मी व्हॅनहूटांकडे जायचो. आर्लीनच्या वडिलांना, हेंड्रिकना, आंघोळीला उचलावं लागायचं आणि ते एकट्या रसेलचं काम नव्हतं. म्हाताऱ्याची उजवी बाजू पक्षाघाताने गेली होती, पण अंग सफरचंदाच्या बागेत राबून कमावलेलं, अजून ओंडक्यासारखं जड. जीभ मात्र शाबूत. त्या रविवारी आम्ही त्याला टबात बसवलं आणि तिथेच नवरा-बायकोची जुंपली.

"फोरमनने बोलावून घेतलं मला," रसेल म्हणाला. "विचारतो, बायकोचं काय बिनसलंय तुझ्या? काय सांगायचं मी?"

"सांग, काही नाही बिनसलं. ती घरी जाईन म्हणते."

"एक सही गं आर्लीन! खोटी तर खोटी. तुझ्या एका सहीवाचून काय अडलंय?"

"तूच खोटी म्हणालास बघ."

"मला सोडून जा," हेंड्रिक टबातून म्हणाला. "मी खिडकीत बसून तुम्हाला टाटा करेन."

"बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका."

"वा! मी इथे नागडा बसलोय, तुम्ही दोघं माझ्या मरणाची व्यवस्था लावताय, आणि मीच बोलू नको?"

मला हसू आलं. रसेलला नाही आलं. त्याने साबण टबात आपटला आणि तो बाहेर निघून गेला. म्हाताऱ्याचं उरलेलं अंग मीच पुसलं.

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. किराणा दुकानात आर्लीन रांगेत उभी राहिली की पुढच्या बायका बोलायच्या थांबायच्या. चर्चच्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला तिच्या टेबलावर कोणी बसेना. आणि एका सकाळी पॅटी सोरेल नावाची आई भर थांब्यावर बसमध्ये चढली, आपल्या दोन्ही मुलींना हाताला धरून खाली उतरवायला लागली.

"संकटात पोरांना टाकून पळणारी बाई मला आत्ताही नको," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

आर्लीनने इंजिन बंद केलं. "बरोबर आहे तुझं, पॅटी. मी येणार नाही हे तुला आजच कळलं, चांगलं झालं. भोंगा वाजल्यावर कळलं असतं तर काय केलं असतंस?"

पॅटीने मुलींना मोटारीत कोंबलं आणि गेली. आर्लीनने पुढचे सगळे थांबे नेहमीसारखे घेतले. परत आली तेव्हा मात्र बस उभी करून ती बराच वेळ आतच बसून राहिली. मी पुढचं टायर तपासण्याच्या निमित्ताने तिथे घुटमळलो.

"काही हवंय का गं?"

"टायर चांगलं आहे," ती म्हणाली. "उगाच ठोकत बसू नकोस."

मिस फ्रेमनी तिला गाठलं ते त्याच आठवड्यात. परवाना मंडळाची सुनावणी गावातच होणार होती आणि त्यांना तिची साक्ष हवी होती. सगळेच ड्रायव्हर पळून जातील असं तिने सांगावं, असं त्यांच्या एका मित्राचं म्हणणं होतं.

"बाकीच्यांचं मला काय ठाऊक?" आर्लीन म्हणाली. "मी माझ्यापुरतं बोलेन. आणि अणूचं काही विचारू नका, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

सुनावणी शाळेच्या नव्या व्यायामहॉलमध्ये झाली. शेजारच्या तलावाच्या क्लोरिनचा वास, बास्केटबॉलच्या जाळीखाली लांब टेबल, टेबलामागे मंडळाचे तीन सदस्य. एका बाजूला केंद्रावरचे कामगार आणि त्यांच्या बायका गच्च बसलेल्या, दुसऱ्या बाजूला मिस फ्रेम आणि बऱ्याचशा रिकाम्या खुर्च्या. रसेल आला नव्हता. मी मागे दाराशी उभा राहिलो, म्हणजे कुठल्या बाजूला बसायचं हा प्रश्न नको.

कंपनीचा वकील थॉर्नडाइक मृदू आवाजात बोलणारा माणूस होता. त्याने आर्लीनला आधी किती वर्षं बस चालवता वगैरे विचारलं. मग त्याने वर्तमानपत्रातलं एक जुनं छायाचित्र वर धरलं. मोठ्या हिमवादळात सरोवराकाठच्या रस्त्यावर बस रुतली होती आणि आर्लीनने पोरांना रात्रभर बसमध्ये गाणी म्हणायला लावून, आळीपाळीने एकमेकांना चिकटून बसवून जिवंत ठेवलं होतं. गावाने तेव्हा तिचा सत्कार केला होता.

"ही तुम्हीच ना?"

"मीच. टोपी नवऱ्याची आहे."

"त्या रात्री तुम्ही पोरांना सोडून घरी गेला नाहीत."

"नाही."

"तरी आज शपथेवर सांगताय की सोडाल?"

आर्लीनने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

"तेव्हा बाबा चालते-फिरते होते," ती म्हणाली. "आता त्यांना उचलायला दोघं लागतात; एकटी असले तर चादरीवरून ओढत नेईन. नवरा तुमच्या केंद्रात असेल. मी शाळेकडे गेले तर बाबांकडे कोणी जाणार नाही. बाबांकडे गेले तर शाळेकडे मी नसेन. एका वेळी दोन ठिकाणी जाता येत असतं तर आनंदाने सही केली असती."

"म्हणजे त्या मुलांचं काहीही होवो, असंच ना?"

कामगारांच्या बाजूने कुजबुज उठली. कोणीतरी ओरडलं, "भित्री!"

आर्लीन खुर्चीतच वळली. तिचा चेहरा लालभडक झाला होता. "कोण म्हणालं? उभं राहून म्हणा ना. मी इथे नाव-गाव सांगून बसलेय."

कोणी उभं राहिलं नाही. ती पुन्हा वकिलाकडे वळली.

"मला वाईट बाई ठरवायचंय ना तुम्हाला? ठरवा. पण तुमच्या योजनेत लिहिलंय की माझी बस येईल. ती येणार नाही, मी आजच सांगून ठेवते. ज्यांची पोरं त्या बसची वाट बघत उभी राहणार आहेत, त्यांच्यासाठी दुसरी सोय करा. दुसरी सोय नसेल तर परवाना मागायला येऊ नका. माझ्या खोट्या शब्दावर तर अजिबात येऊ नका."

थॉर्नडाइक म्हणाला, आणखी काही प्रश्न नाहीत. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बाहेर पडताना लोकांनी तिला वाट दिली, पण ती आदराने दिली की अंगाला अंग लागू नये म्हणून दिली, हे मला सांगता यायचं नाही.

दुसऱ्या सोमवारी शाळेच्या प्रमुखांनी तिला बसवरून काढून स्वयंपाकघरात पाठवलं. "थोडं वातावरण निवळेपर्यंत," असं म्हणाले. ती निमूटपणे बटाट्याचा लगदा वाढायला लागली. पॅटी सोरेलच्या मुली ताट पुढे करायच्या तेव्हा त्यांनाही बाकीच्यांइतकाच वाढायची.

आणि मग लू माझ्याकडे आला. मी बसखाली पडलो होतो; मला फक्त त्याचे बूट दिसत होते.

"त्या बाईने माझी झोप उडवलीय," बूट म्हणाले. "माझ्या थोरल्या मुलीला दिवस राहिलेत. आठवा चालू आहे. भोंगा वाजला तर मी कुठे जाणार सांग?"

"मुलीकडे."

"मग मी सही कसली केली?"

"डोनटची," मी म्हणालो.

त्याने बसच्या चाकाला लाथ घातली आणि गेला तो थेट हेवूडच्या कचेरीत. तिथे त्याने आपला कागद परत मागितला. हेवूड म्हणाला, असा परत देता येत नाही. लू म्हणाला, मग मी पण आर्लीनसारखा व्यायामहॉलमध्ये येऊन बोलतो, आणि माझा आवाज तिच्याहून मोठा आहे. कागद मिळाला. पुढच्या काही आठवड्यांत आणखी बरेच जण गेले. सगळे नाही गेले. ज्यांच्या घरी केंद्राचा पगार येत होता ते गेले नाहीत, आणि आर्लीन त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलली नाही.

कंपनीने शहरातून ड्रायव्हर आणून सराव करून दाखवला. शनिवारी, लख्ख उन्हात, कोरड्या रस्त्यावरून, एकही पोर नसलेल्या बसगाड्या मैदानावर जाऊन आल्या. सगळं वेळेत झालं. वर्तमानपत्रात मोठं छायाचित्र आलं.

त्या हिवाळ्यात हेंड्रिक गेला. फार त्रास न होता, दुपारच्या झोपेत. आदल्या रविवारी मी त्याला उचललं तेव्हा त्याने माझ्या कानात विचारलं होतं, "काय रे, ती अजून सही करत नाही ना?" मी नाही म्हणालो. "गाढव आहे," तो म्हणाला, पण अर्ध्या तोंडाने हसत होता. अंत्यविधीला निम्मं गाव आलं. हेवूडसुद्धा आला, मोठं हॅम घेऊन. आर्लीनने ते घेतलं, आभार मानले आणि तो वळल्यावर आमच्या कुत्र्याला घातलं.

वसंतात मंडळ पुन्हा बसलं, आणि या वेळी आर्लीनला साक्षीला बोलावलं ते कंपनीने. मिस फ्रेम हादरल्या. घाईघाईने तिच्या घरी गेल्या, काय बोलणार म्हणून विचारायला. आर्लीनने त्यांना कॉफी पाजली आणि काही सांगितलं नाही.

हॉलमध्ये या वेळी उभं राहायलाही जागा नव्हती. सुरू व्हायच्या जरा आधी रसेल आत आला. कामावरून तसाच, पाठीवर केंद्राचं नाव असलेलं जॅकेट घालून. कामगारांनी त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. तो त्यांच्यासमोरून चालत गेला आणि आर्लीनच्या बरोबर मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. त्याने जॅकेट काढलं नाही आणि तिच्याशी बोललाही नाही.

"तुमच्या वडिलांबद्दल ऐकून वाईट वाटलं," थॉर्नडाइकने सुरुवात केली.

"आभारी आहे."

"आता तुमच्या घरी अंथरुणाला खिळलेलं कोणी नाही."

"नाही."

"मग शपथेवर सांगा, मिसेस व्हॅनहूट. भोंगा वाजला तर तुम्ही बस घेऊन याल?"

मिस फ्रेमनी डोळे मिटून घेतले.

"येईन," ती म्हणाली.

हॉलमध्ये एकच गलका झाला. थॉर्नडाइक हसत पुढे आला, तिच्यासमोर कागद ठेवला, वर स्वतःचं पेन ठेवलं. "मग हे एवढं करून टाकू या."

"नाही."

"तुम्ही आत्ताच म्हणालात, येईन."

"म्हणाले आणि येईन. बर्फ असो नाहीतर काही असो. किल्ली दिली नाहीत तर दार फोडून बस काढेन. ते पोरांसाठी. ही सही पोरांना कुठे हवीय? तुम्हाला हवीय." तिने कागद त्याच्याकडे परत सरकवला. "बाबा गेले, तुमची अडचण गेली, असं तुम्ही धरून चाललात. आमच्या रस्त्यावर कोणाच्या ना कोणाच्या घरी कोणीतरी खिळलेलं असतंच. यंदा माझ्याकडे नाही. पुढच्या वर्षी आणखी कोणाकडे असेल. तुम्ही काय दर वेळी हॅम घेऊन येणार आणि मग कागद पुढे करणार?"

मंडळाचे अध्यक्ष खाकरले. "बाई, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या."

"दिलं की. नाही."

तिने पेन उचललं, टोपण लावलं आणि थॉर्नडाइकच्या हातात परत दिलं. कामगारांच्या बाजूने हुर्यो झाली. दुसऱ्या बाजूला लू उठून उभा राहिला आणि त्याच्याबरोबर ज्यांनी कागद परत घेतले होते ते सगळे. अध्यक्षांनी दोनदा बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

उन्हाळ्यात निकाल लागला. आहे त्या योजनेवर परवाना देता येत नाही, मंडळाने लिहिलं होतं. कंपनीने वर अपील केलं, पण कर्जाने तिचा दम आधीच संपत आला होता. दुसऱ्या उन्हाळ्याच्या आत मार्लो पॉइंटच्या फाटकाला साखळी लागली.

रसेलची नोकरी गेली. त्याच्यासारख्या शेकडो जणांची गेली. पोहण्याचा तलाव रिकामा करून त्यावर फळ्या टाकल्या. कर वाढला. काही कुटुंबं घर विकून ओहायोकडे गेली; रसेलही तिकडेच एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात लागला आणि महिन्यातून एकदा घरी यायला लागला. मी त्याला एकदा सरळच विचारलं, राग आहे का तिच्यावर?

"आहे ना," तो म्हणाला. "तीनशे मैल गाडी हाणत येतो, वाटभर चिडतो. मग घरी पोचतो आणि ती दारात असते." मग मला म्हणाला, बीअर आहे का?

शाळेला ड्रायव्हर कमी पडले तेव्हा प्रमुखांनी आर्लीनला तिची बस परत दिली. पहिल्या सकाळी मी गॅरेज उघडलं आणि पाहिलं तर रात्रीत कोणीतरी बसच्या अख्ख्या बाजूवर साबणाने जाडजूड अक्षरांत लिहून ठेवलं होतं : हिने आमच्या नोकऱ्या खाल्ल्या. मी धावत जाऊन पाण्याची नळी ओढून आणली. तेवढ्यात ती आली. उशी काखेत.

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं, पोरं वाचतील."

"वाचू देत. शाळेत कशाला जातात मग?"

ती चढली, उशी ठेवली, आरसा नीट केला. मी नळी हातात धरून तसाच उभा होतो.

"आर्लीन, निदान मुख्य रस्त्याने नको जाऊस. मागच्या बाजूने जा."

"माझे थांबे मुख्य रस्त्यावर आहेत," ती म्हणाली आणि बस बाहेर काढली. डोनटवाल्याच्या दुकानापुढून, बँकेपुढून, जिथे कामाविना उभे असलेले लोक सिगरेटी ओढत होते त्या चौकातून ती गेली, नेहमीपेक्षा जरा हळूच, म्हणजे ज्याला वाचायचंय त्याला नीट वाचता यावं. चौकातल्या लाल दिव्याला ती थांबली. कोणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण तिने खिडकीची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि मला तिचा आवाज गॅरेजपर्यंत ऐकू आला.

"हो, मीच ती! आणखी काही?"